नावाला प्रतिसाद

झिनातच्या सासऱ्यांचं नाव अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. गावच्या शाळेत ते आधी मास्तर आणि मग तेवीस वर्षं हेडमास्तर होते. त्यांच्या हातची पट्टी खाल्ली नाही असा चाळिशीपुढचा माणूस गावात शोधून सापडला नसता. ते नाव झिनातने मात्र कधी तोंडातून काढलं नव्हतं. किर्गिझ सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि झिनात अठ्ठावीस वर्षं सून होती. तेव्हा इथेही ते नाव तिच्या तोंडून येईल तेव्हाच येईल. ज्याला घाई असेल त्याने शाळेच्या भिंतीवरचा फोटो जाऊन बघावा, खाली लिहिलेलं आहे.

नाव न घेता संसार व्यवस्थित होतो. चौकात त्याच नावाचा एक दुकानदार होता, त्याला ती ‘नाक्यावरचा’ म्हणायची. जनगणनेचा माणूस आला तेव्हा तिने सासऱ्यांचा पासपोर्ट पुढे केला आणि नेमक्या ओळीवर बोट ठेवलं. लिहायला, वाचायला, बोट ठेवायला बंदी नाही. बंदी फक्त जिभेला. सासूबाईंनीही बावन्न वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. मुलगा सापार, म्हणजे झिनातचा नवरा, त्यांना ‘अता’ म्हणायचा, आपण बाबा म्हणतो तसं. गाव ‘अगाई’ म्हणायचं, म्हणजे गुरुजी. नावाने हाक मारणारी शेवटची होती त्यांची थोरली बहीण, आणि ती जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी झिनातला दोनच गोष्टी बजावल्या. एक ही नावाची. दुसरी चहाची. चहाचा प्याला अर्धाच भरायचा. अर्धा भरला म्हणजे बसा, पुन्हा देते. काठोकाठ भरला म्हणजे प्या आणि निघा. झिनातने दोन्ही गोष्टी पाळल्या. आणि सासऱ्यांनी तिसरीच गोष्ट काढली. लग्नाला वर्ष होतंय तोच ते म्हणाले, “चहा काय, कुणीही ओततं. हिला बिश्केकला पाठवा, मेंदूचे आलेख काढायचं मशीन शिकू दे.” घरात आठवडाभर भांड्यांची आदळआपट झाली, पण गेली ती. भल्या पहाटे घोड्यावर बसवून बसथांब्यापर्यंत त्यांनीच पोचवलं. परत आल्यावर रोज संध्याकाळी पहिला प्रश्न तोच: “आज कुणाच्या डोक्यात डोकावलीस? सापडलं का काही?”

तर झिनात तालुक्याच्या इस्पितळात आलेख काढायची. मशीन जुनं, पण खानदानी. रबरी पट्ट्यांची टोपी, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोंड्या, त्यातून निघणाऱ्या तारा, आणि दर दोन तासांनी हट्ट करून बसणारा कॉम्प्युटर. एरवी गिऱ्हाईक ठरलेलं: फिट येणारी माणसं, ड्रायव्हरचं लायसन मागणारे, आणि पिऊन घोड्यावरून पडलेले. वीस सालच्या जुलैत हे सगळे बंद झाले आणि खोकणारे सुरू झाले. इस्पितळाचा मागचा अर्धा भाग पत्रे ठोकून वेगळा केला, त्याला लाल विभाग नाव पडलं. तिथे पांढरा सूट घालून जायचं, फोन न्यायचा नाही, आणि सूट एकदा उतरवला की तो जाळायला.

बिश्केकमध्ये मेदेर नावाचे मेंदूचे एक तरुण डॉक्टर होते. फुप्फुसाच्या या आजारात माणसं शुद्धीवर यायला का उशीर लावतात, मेंदूच्या लहरी तेव्हा काय करत असतात, हे त्यांना शोधायचं होतं. झिनात आलेख काढून पाठवायची, ते बघून कळवायचे. बरोबर त्यांनीच पाठवलेला एक फॉर्म भरायचा. पापणी उचलून उजेड दाखवा, लहरी बदलल्या का? कानाशी टाळी वाजवा, बदलल्या का? शेवटी रुग्णाला त्याच्या नावाने मोठ्याने तीनदा हाक मारा, बदलल्या का? लहरी बदलल्या तर डोकं आतून जागं आहे, थांबायला हरकत नाही. कशालाच दाद दिली नाही, तर मात्र घरच्यांना बोलवायचं.

तिच्या सासऱ्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवून सोळा दिवस झाले होते. फुप्फुसं सावरत होती. झोपेचं औषध थांबवून पाच दिवस लोटले, तरी म्हातारा डोळे उघडेना. तेव्हा गुरुवारी सकाळी झिनात सूट चढवून आत गेली आणि त्यांच्या डोक्याला तिने रबरी टोपी घातली. या डोक्यावर तिने आजवर फक्त कल्पाक, म्हणजे पांढरी नमद्याची टोपी, बघितली होती. टक्कल पाहून तिला ओशाळल्यासारखं झालं. तिने उजेड दाखवला, टाळी वाजवली. पडद्यावर लांबलचक, आळशी लहरी चालल्या होत्या तशाच चालत राहिल्या. मग ती कानाशी वाकून म्हणाली, “अता. अता. अता.” लहरी हलल्या नाहीत. तिने फॉर्मवर ‘नावाला प्रतिसाद: नाही’ यावर खूण केली. आलेख बिश्केकला गेला.

पुढे सात नंबरच्या खाटेवर कालीपा नावाची मेंढपाळबाई होती. तिचीही तीच गत, टाळीला नाही, उजेडाला नाही. झिनात वाकून म्हणाली, “कालीपा!” काही नाही. “कालीपा!” आणि पडद्यावरच्या लहरी थबकल्या, बारीक झाल्या, भराभर धावायला लागल्या. कानाशी दणकून टाळी वाजवली तरी ढिम्म राहिलेली बाई नुसत्या नावाने आतल्या आत उठून बसली होती. झिनातने खूण करायला बोट कॉम्प्युटरच्या बटणावर नेलं आणि ते तिथेच राहिलं. सकाळची हाक तिला आठवली. ती हाक नव्हतीच. अठ्ठावीस वर्षांत तिच्या लेखी ‘अता’ हेच त्यांचं नाव होऊन बसलं होतं.

ती बाहेर आली, सूट उतरवला, अंगावर पाणी घेतलं आणि अंगणात पोहोचली. तिथे पॉपलरच्या झाडाखाली वॉर्डच्या मोठ्या डॉक्टर राखात बसल्या होत्या. साठीच्या बाई, चेहऱ्यावर मास्कचे वळ, हातात ब्रेडचा तुकडा. सगळे त्यांना राखात एजे म्हणायचे, म्हणजे ताई.

“बस,” राखात म्हणाल्या. “मेदेरचं उत्तर आलं.”

“काय म्हणतात?”

“कशालाच दाद नाही म्हणतो. टाळीला नाही, उजेडाला नाही, नावालासुद्धा नाही. झिनात, मी चार वाजता गाडी देते. इथे पत्र्याआड जाण्यापेक्षा स्वतःच्या घरात जाऊ देत. नळी तिथे पोचल्यावर काढू. तुझा नवरा सकाळपासून तीनदा फाटकाशी येऊन गेलाय, तोही तेच म्हणतो.”

घड्याळात दीड वाजला होता. 

“एजे, माझी चूक झालीय.”

“कसली?”

“मी नाव घेतलंच नाही.”

“फॉर्मवर खूण आहे की.”

“खूण केली. नाव नाही घेतलं. ‘अता’ म्हटलं, तीनदा.”

राखातनी ब्रेड खाली ठेवला. “आत नऊ अता आहेत, बाई.”

“माहितीये.”

“दोन तर त्यांच्यापेक्षा मोठे आहेत!”

“माहितीये म्हटलं ना!”

राखातनी चेहऱ्यावरचे वळ चोळले. मग आपणहून म्हणाल्या, “मी तरी काय करतेय? पाच दिवस ‘अगाई, अगाई’ करून घसा बसवलाय.”

“त्यांना रिटायर होऊन अठरा वर्षं झाली.”

“म्हणूनच उठत नसतील. सुट्टीवर आहेत.”

“एजे, तुम्ही घ्या ना नाव. तुम्ही काही त्या घरच्या सून नाही.”

“घेईन की! सातवीत मला तासभर बर्फात उभं केलं होतं त्यांनी, तरी घेईन. पण सूट एकच उरलाय. नवे उद्या सकाळी येणार. तुझं ते मशीन मला चालवता येतं का?”

“नाही.”

“मग? आत जाणार एकच माणूस. टोपी तोच घालणार, पडदा तोच बघणार, हाक तोच मारणार.”

“आत नर्स आहे ना, बूबूश. ती मारेल.”

“बूबूश तुमची कोण लागते?”

झिनातने क्षणभर विचार केला. “चुलत दिराची सून.”

“झालं कल्याण,” राखात म्हणाल्या.

“मग गाडी उद्या पाठवा. तोवर सूटही येतील.”

“उद्या गाडी दुसऱ्या खोऱ्यात जाणार आहे. आणि रात्रीत त्यांनी इथेच डोळे मिटले, तर तुझ्या नवऱ्याला तोंड कोण दाखवणार? मी नाही.” त्या उठल्या आणि ब्रेड जवळच्या कागदात गुंडाळून खिशात टाकला. “साडेतीनपर्यंत नवा आलेख आला तर मेदेरशी मी बोलते. नाही आला तर चार वाजता गाडी.”

झिनातने फोन काढून सापारला लावला. मागे खिळे ठोकल्याचे, माणसांच्या हाकांचे आवाज येत होते. घरच्या अंगणात राखी तंबू उभा राहत होता. किर्गिझ घरातला माणूस जातो तेव्हा त्याला त्या तंबूत ठेवतात आणि आलेल्या माणसांच्या जेवणासाठी घोडी कापतात.

“घोडी मिळाली,” सापार म्हणाला. “चांगली आहे. कोवळी.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? दोनशे माणूस येईल. त्यांना काय कांदे वाढू?”

“सापार, अता जिवंत आहेत.”

 नाक ओढल्याचा आवाज आला. झिनातला एकदम भडभडून आलं, पण रडायला वेळ नव्हता. “आईंना फोन दे,” ती म्हणाली.

सासूबाई फोनवर आल्या. झिनातने सगळं सांगितलं. सकाळी काय झालं, सात नंबरच्या बाईचं काय झालं, सूट एकच का आहे. 

“मी बावन्न वर्षं नाही घेतलं,” सासूबाई म्हणाल्या.

“हो.”

“आणि तू अठ्ठावीसमध्येच घ्यायला निघालीस.”

“तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार.” हे ती बोलली आणि लगेच तिला कळलं की हे खोटं आहे. “नाही, घेणारच आहे. तुम्हाला सांगून घ्यावं, एवढंच.”



“किती वेळा घ्यायचं असतं?”

“तीनदा.”

“दोनदा तुझं घे. तिसरं माझ्या वतीने घे.”

 “तुमच्या वतीने कसं घेऊ?”

“ओरडू नकोस. ओरडायला काय झालंय? ताट वाढून ठेवलंय, आणि हा माणूस पुस्तकातून डोकं वर काढत नाही, तसं घे. मी मनातल्या मनात रोज तसंच घेते.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

शेवटचा सूट आखूड होता. झिनात गुडघे वाकवून चालत आत गेली. मशीन ढकलत सासऱ्यांच्या, चार नंबरच्या खाटेशी आणलं, कापसाच्या बोंड्या मिठाच्या पाण्यात बुडवून पिळल्या, पट्ट्या ओढून टोपी बसवली. पडद्यावर त्याच आळशी लहरी. पायथ्याशी बूबूश उभी होती. झिनात काय करणार आहे ते तिला कळलं तशी तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. असल्या वेळी घरची माणसं अशीच उपयोगी पडतात.

उजेड दाखवला. टाळी वाजवली. काही नाही. झिनात वाकली. तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. जिभेला तो शब्दच ठाऊक नव्हता. तिने मशीनवर चिकटवलेली नावाची चिठ्ठी वाचली, सकाळी स्वतःच लिहिलेली, आणि जनगणनेच्या वेळी ठेवलं तसं त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“ओसमोनकुल,” ती म्हणाली.

मास्कमधून ते जेमतेम बाहेर पडलं. तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही. कान मात्र पेटले. कुणीतरी येऊन थोबाडीत मारेल असं तिला खरंच वाटलं, म्हणून तिने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. लहरी चालल्याच होत्या.

“ओसमोनकुल!”

हे मात्र वॉर्डभर ऐकू गेलं. भिंतीकडे बघत बूबूश दचकली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने डोळे उघडून इकडे पाहिलं. ज्याला हाक होती तो निवांत होता. पडद्यावर एक लहर किंचित अडखळली असं झिनातला वाटलं, पण वाटण्यावर डॉक्टर मेदेर ऐकणार नव्हते. तरी तिने आलेखावर तिथे खूण केली.

मग ती थांबली. पहाटेचा घोडा तिला आठवला, आणि पुढ्यात बसलेली तेवीस वर्षांची आपण. घरी परतल्यावर ‘सापडलं का काही’ असं विचारणारं यापुढे कुणी असणार नाही, हेही डोक्यात आलं. डोळ्यांतून पाणी वाहून मास्कमध्ये गेलं, आणि सूटमध्ये ते पुसताही येत नाही. मग तिने डोळ्यांपुढे घरातलं जमिनीवरचं जेवणाचं कापड आणलं, त्यावर निवत चाललेली शोर्पो, म्हणजे मटणाचं सूप, आणि कोपऱ्यात चष्मा लावून बसलेला हा माणूस.

“ओसमोनकुल,” ती म्हणाली. हळू. जरा वैतागून. हजारदा सांगून झाल्यावर पुन्हा एकदा सांगावं तसं.

लहरी थांबल्या. आधी मधल्या ओळी सपाट झाल्या, मग सगळ्याच. मग बारीक, दाट, घाईघाईच्या लहरी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेल्या. कपाळावरच्या दोन तारांनी तर काळं फासल्यासारखं जाड रेखाटलं. तिथे मेंदू नव्हता, स्नायू होता. झिनातने पडद्यावरून नजर उचलून तोंडाकडे पाहिलं. हेडमास्तरांच्या कपाळाला आठी पडली होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी आलेख बिश्केकला गेला. सव्वातीनला मेदेरांचा फोन आला.

“हा दुसऱ्या रुग्णाचा आलेख आहे का?”

“नाही. चार नंबरच.”

“सकाळी तर काहीच नव्हतं! काय दिलंत त्यांना?”

“काही नाही. नाव घेतलं.”

“आणि सकाळी?”

“सकाळी घेतलं नव्हतं.”

“का?”

झिनात जरा थांबली. “डॉक्टर, तुमचं लग्न झालंय का?”

“नाही.”

“मग राहू दे. राखात एजेंना फोन देते.”

गाडी रद्द झाली. त्या दिवसापासून मेदेरांच्या फॉर्मवर ‘नाव’ या शब्दापुढे ‘प्रत्यक्ष नाव’ असं छापलेलं येऊ लागलं, आणि हाक मारणाऱ्याचं रुग्णाशी नातं काय, असा एक नवा रकानाही आला. सापारला कळवलं तेव्हा तो फोनवर हमसाहमशी रडला, आणि डोळे पुसून झाल्यावर म्हणाला, “आणि घोडीचं काय करू?”

“चारा घाल,” झिनात म्हणाली.

पाचव्या दिवशी म्हाताऱ्याने डोळे उघडले. नवव्या दिवशी नळी निघाली. घशातून पहिले शब्द बाहेर पडले ते राखात एजेंना: “तुझा मास्क वाकडा आहे.” सप्टेंबरात ते घरी आले. अंगणातला तंबू तोवर उतरवला होता, घोडी मात्र होती. तिच्याबद्दल त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. रोज उठून तिला गवत घालू लागले.

त्या जुलैतल्या गुरुवारबद्दलही कुणी बोललं नाही. झिनात समोर आली की मान खाली घालून चहा ओतायची, अर्धा प्याला. म्हातारा घ्यायचा. संध्याकाळचा तो प्रश्न मात्र त्यांनी सोडून दिला होता. झिनातला ते लागत होतं. नाव घेतल्याची शिक्षा ही असावी असं तिला वाटे, आणि असली तरी सौदा महाग नाही, असंही वाटे.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी ती ड्यूटीवरून दमून आली आणि भिंतीला टेकून बसली. सासूबाईंनी सून दमलेली पाहिली आणि किटली स्वतःच ओढून घेतली. म्हाताऱ्याने डोक्यावरचा कल्पाक सरळ केला.

“त्या दिवशी मला तीनदा हाक आली,” ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांचा प्याला पुढे ओढला.

“पहिली तुझी होती, झिनात. दबकत आलीस. दुसरीपण तुझीच. ऐकू आल्या मला दोन्ही. पण सुनेने नाव घेतल्यावर उत्तर तरी काय द्यायचं? म्हणून पडून राहिलो.”

झिनातची मान खालीच होती. “चुकलं, अता.”

“मी चूक विचारत नाहीये. तिसरी हाक विचारतोय. तीही तुझ्याच तोंडून आली. पण तुझी नव्हती. मी उठलो ते तिच्यामुळे. म्हटलं, आता नाही उठलो तर काही खरं नाही.” त्यांनी चष्मा काढला. “कुणाची होती?”

 झिनातने मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई चहा ओतत होत्या. नजर किटलीच्या तोंडावर, चेहरा नेहमीसारखा. चहा अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या वर गेला, काठाला लागला, आणि त्या ओततच राहिल्या. चहा काठावरून उतरून कापडावर पसरला. त्यानंतर किटली खाली आली. बावन्न वर्षांत त्या घरात म्हाताऱ्याला असा ‘प्या आणि निघा’चा प्याला कुणी दिला नव्हता.

म्हाताऱ्याने प्याल्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी सांभाळून प्याला उचलला, सावकाश सगळा चहा संपवला, आणि रिकामा प्याला तिच्यापुढे धरला.

“अजून दे,” ते म्हणाले.